गाडी थांबवा, पण कारण सांगा

मा. रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली यांस,


गोंदियाहून आपल्याकडे जी निवेदने येतात ती बहुधा थांब्याची असतात. अमक्या एक्सप्रेसला आमगावला थांबा द्या, तमकीला तिरोड्याला द्या, कोविडच्या काळात गेलेले थांबे परत द्या. निवेदन देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. थांबा कधी मिळतो, कधी नाही. या पत्रात थांबा मागितलेला नाही. वेळापत्रकात नसलेले जे थांबे प्रवाशाला न मागता मिळतात, कधी गंगाझरीच्या लूपमध्ये (बाजूच्या लाईनीवर), कधी गुदम्याच्या आऊटरला, कधी सौंदडला, त्यांच्याबद्दल हे पत्र आहे. आणि ते ठरवणाऱ्या माणसाबद्दल.

तो माणूस गोंदियात बसत नाही. गाडी उशिरा आली की लोक स्टेशन मास्तरच्या खिडकीवर जातात, चौकशीवाल्याशी हुज्जत घालतात, फारच तापले तर इंजिनाजवळ जाऊन चालकाला दोन शब्द सुनावतात. यांच्यापैकी कोणीच ती गाडी थांबवलेली नसते. ती थांबवलेली असते नागपूरला, मंडलाच्या कंट्रोलमध्ये, कानाला हेडसेट लावून बसलेल्या सेक्शन कंट्रोलरने. गोंदियाच्या स्टेशनावर आयुष्य घालवलेल्या हमालाला विचारा, चहावाल्याला विचारा. ‘कंट्रोल’ हा शब्द त्यांच्या तोंडी असतो, पण तो माणूस कुणी पाहिलेला नसतो.

ही व्यवस्था कशी चालते हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. पण पत्र खुले आहे, ते आमच्याकडचे लोकही वाचतील. म्हणून आधी थोडे त्यांच्यासाठी.

गोंदियाला चार दिशांना चार लाईनी फुटतात. पूर्वेला आमगाव, सालेकसा, दरेकसा करत गाडी बोगद्यातून छत्तीसगडात शिरते आणि डोंगरगडला निघते. पश्चिमेला गंगाझरी, काचेवानी, तिरोडा, तुमसर रोड आणि मग नागपूर. ही झाली मुंबई-हावडा मुख्य लाईन, बंगाल-नागपूर रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुंद केलेली. उत्तरेची बालाघाट-नैनपूर-जबलपूर ही आमची जुनी ‘छोटी लाईन’; १९०३ च्या सुमारास सुरू झाली, शंभर वर्षे रमतगमत धावली आणि आता रुंद होऊन थेट जबलपूरला जोडली गेली आहे. दक्षिणेची हिरडामाली, सौंदड, अर्जुनी, वडसा, नागभीड करत चांदा फोर्ट आणि बल्लारशाला जाते. छत्तीसगड आणि ओडिशाकडून दक्षिणेत जाणाऱ्या मालासाठी ही जवळची वाट आहे. वैनगंगा एक्सप्रेस याच वाटेने बंगळुरूला जाते. आणि ही वाट आजही एकेरी आहे.

या चारही लाईनी येतात दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर मंडलात. नागपूरला मंडले दोन आहेत, एक मध्य रेल्वेचे आणि एक २००३ साली झालेल्या दक्षिण पूर्व मध्य, म्हणजे बिलासपूर झोनचे. खुद्द नागपूरकर यात घोळ घालतात, मग इतरांचे काय सांगावे? मुंबईहून येणारी विदर्भ एक्सप्रेस नागपूरपर्यंत एका कंट्रोलची असते आणि नागपूर सोडले की दुसऱ्याची होते. ज्या ठिकाणी गाडी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते त्याला इंटरचेंज म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

कंट्रोलरच्या हातात सिग्नल नसतो. युरोप-अमेरिकेत बऱ्याच मुख्य मार्गांवर नियंत्रक लांब बसून स्वतःच मार्ग लावतो आणि सिग्नल देतो. आपल्याकडे बहुतेक सेक्शनवर सिग्नल स्टेशन मास्तरच्या पॅनलवर असतो आणि पुढच्या स्टेशनाची लाईन मोकळी आहे की नाही हे दोन मास्तर आपसात ठरवतात. कंट्रोलरने कितीही घाई केली तरी लाईन क्लिअर मिळाल्याशिवाय मास्तर गाडी सोडत नाही आणि इंटरलॉकिंग त्याला चुकीचा सिग्नल देऊ देत नाही. मग कंट्रोलर करतो काय? तो क्रम लावतो. कोण आधी, कोण नंतर. कोणाला मेन लाईनवरून काढायचे, कोणाला लूपला घ्यायचे. कुणाचे क्रॉसिंग कुठे. आमच्याकडे इटियाडोहच्या नहराचे पाणी कोणाच्या बांधीला आधी द्यायचे याची पाळी लावणारा माणूस असतो, तसेच हे काम. पाणी त्याचे नसते, शेत त्याचे नसते, शिव्या मात्र त्याच्या असतात.

त्याचे हत्यार म्हणजे आवाज आणि चार्ट. पूर्वी हा चार्ट म्हणजे टेबलभर पसरलेला छापील कागद, वेगवेगळ्या रंगांच्या पेन्सिली आणि पट्टी. आता तोच संगणकाच्या पडद्यावर आला आहे, पण त्याचे गणित बदललेले नाही. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला एकाखाली एक स्टेशने. गाडी प्रत्येक स्टेशनवरून निघून गेली की मास्तर वेळ कळवतो, तिथे ठिपका पडतो आणि ठिपके जोडत तिरपी रेघ पुढे सरकते. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगात. रेघ आडवी झाली की गाडी उभी. खालून वर जाणाऱ्या रेघा एका दिशेच्या, वरून खाली येणाऱ्या दुसऱ्या दिशेच्या. एकेरी लाईनवर दोन उलट रेघा एकमेकींना छेदायच्या असतील तर त्या स्टेशनाच्या ओळीवरच छेदल्या पाहिजेत. दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्या जागेत छेदल्या तर चालणार नाही. ती जागा म्हणजे जंगलातली एकेरी लाईन आणि समोरासमोर आलेल्या दोन गाड्या. कंट्रोलरचे सगळे कसब त्या छेदांच्या जागा तासभर आधी ओळखण्यात आहे.

समजा रात्री बल्लारशाकडून गोंदियाला येणारी पॅसेंजर अर्जुनी सोडते आहे. गोंदियाहून एक मालगाडी निघून हिरडामालीच्या पुढे आली आहे. क्रॉसिंग सौंदडला बसते, दोघींनाही तिथे पोचायला साधारण सारखा वेळ आहे. पण सौंदडच्या लूपमध्ये दुपारपासून आणखी एक मालगाडी उभी आहे, कारण तिच्या चालकाचे तास भरले आणि बदली चालक अजून पोचलेला नाही. ती तिथे ‘स्टेबल’ झाली आहे. आता त्या बाजूला जागा उरली नाही. पॅसेंजरला अलीकडच्या स्टेशनवरच धरायचे, की मालगाडीला पलीकडे? मालगाडी चढावर थांबवली तर पुन्हा उचलायला वेळ जाणार. पॅसेंजर थांबवली तर गोंदियाला पुढची गाडी पकडायची असलेले प्रवासी अडकणार. याच वेळी दुसऱ्या ओळीवर मास्तर विचारतो आहे, कामासाठी लाईन बंद ठेवायचा सकाळचा ब्लॉक द्यायचा की नाही. तिकडून पॉवर कंट्रोलर सांगतो आहे, अमक्या इंजिनात बिघाड. हे सगळे एका माणसाने अर्ध्या मिनिटात ठरवायचे आणि शांत आवाजात सांगायचे. पॅसेंजरमध्ये बसलेल्या माणसाला मात्र खिडकीतून समोर मोकळी लाईन दिसते आणि लाल सिग्नल दिसतो. समोर काहीच नाही आणि गाडी का थांबवली, असे त्याने म्हणणे साहजिकच आहे.

वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की रात्री-बेरात्री स्टेशनवर माणसे असतात, आणि तिथे उशिराची चर्चा नाटकाच्या चर्चेइतकीच रंगते. त्या चर्चेतले निम्मे निदान चुकीचे असते. कारण खरे कारण कोणी सांगत नाही.

मंत्रिमहोदय, आता मूळ मुद्दा.

गाड्यांना कोणता क्रम द्यायचा याचे नियम रेल्वेनेच ठरवलेले आहेत. अपघाताच्या जागी निघालेली मदतगाडी सगळ्यांच्या आधी, मग मानाच्या आणि वेगवान गाड्या, मग मेल-एक्सप्रेस, मग पॅसेंजर. मालगाडी कागदावर पॅसेंजरच्या खाली आहे. मग काचेवानी किंवा गंगाझरीला मेमू लूपमध्ये उभी आणि शेजारून कोळशाची मालगाडी धडधडत पुढे, हे दृश्य आमच्याकडच्या प्रत्येक प्रवाशाने पाहिलेले का असते? कंट्रोलर नियम मोडतो म्हणून? नाही. ज्याचा जाब विचारला जातो ते काम आधी होते, म्हणून.

रोज सकाळी प्रत्येक मंडलात कालचा हिशेब होतो. किती वाघिणी भरल्या, किती मालगाड्या इंटरचेंजवरून शेजारच्या मंडलाला दिल्या, किती घेतल्या. हा हिशेब रात्री बारा ते रात्री बारा असा चालतो, त्यामुळे बाराच्या आत पलीकडे गेलेली मालगाडी आजची आणि पाच मिनिटांनी गेलेली उद्याची. मेल-एक्सप्रेसचा जाब विचारतात तो शेवटच्या स्टेशनावर वेळेत पोचली का याचा. मधल्या स्टेशनांवर ती किती उशिरा होती याला त्या हिशेबात किंमत नाही. म्हणून तर शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकात ऐसपैस मिनिटे ठेवलेली असतात. नागपूर, भंडारा रोड, तुमसर सगळीकडे उशिरा असलेली गाडी शेवटच्या स्टेशनावर कागदोपत्री वेळेवर ठरू शकते. आणि तिरोडा ते गोंदिया, आमगाव ते गोंदिया करणाऱ्या मेमूचा, वडश्याच्या पॅसेंजरचा जाब? तो इतक्या जोराने कोणी विचारत नाही. अशा वेळी कंट्रोलरच्या जागी मी असतो तरी मालगाडीच काढली असती.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी गाड्यांच्या वक्तशीरपणावर केलेला अहवाल २०२२ मध्ये संसदेत मांडला गेला. मेल-एक्सप्रेस गाड्यांचा वक्तशीरपणा २०१२-१३ मध्ये ७९ टक्के होता तो २०१८-१९ मध्ये ६९ टक्क्यांवर आल्याचे त्यात नोंदले आहे. हे आकडे शेवटच्या स्टेशनावरच्या मोजणीचे आहेत. मधल्या स्टेशनांवर मोजले असते तर काय निघाले असते, याचा अंदाज आपण दोघेही करू शकतो.

माल आधी का, हेही आम्हाला कळते. रेल्वेच्या वाहतूक उत्पन्नात सुमारे दोन तृतीयांश वाटा मालाचा आहे आणि प्रवासी तिकिटाचा तोटा त्यातूनच भरून निघतो. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक केंद्र आहे. त्याचा कोळसा रेल्वेनेच येतो आणि ती वीज राज्यभर जाते. आमच्या राईस मिलचा तांदूळ मालगाडीनेच जातो. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाची टंचाई झाली तेव्हा कोळशाच्या गाड्यांना वाट करून देण्यासाठी आमच्या झोनमध्ये प्रवासी गाड्या मोठ्या संख्येने रद्द झाल्या. लोक चिडले, पण अंधारात बसण्यापेक्षा ते बरे, असे म्हणणारेही होते.

त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘सुपर वासुकी’ धावली. पाच मालगाड्या एकापाठोपाठ जोडून केलेली साडेतीन किलोमीटर लांबीची गाडी, २९५ वाघिणी, सहा इंजिने, कोळशासकट वजन सुमारे २६,००० टन. कोरब्याहून राजनांदगावपर्यंतचे २६७ किलोमीटर तिने ११ तास २० मिनिटांत कापले. तीन हजार मेगावॅटचे केंद्र दिवसभर चालेल एवढा कोळसा एका गाडीत, अशी बातमी झाली, व्हिडिओ देशभर फिरले. कौतुक करण्यासारखे काम होतेच. पण त्या बातम्यांमध्ये एका गोष्टीचा उल्लेख नव्हता. मालगाडी साधारण सातशे मीटरची असते आणि लूप तेवढ्याच मापाचे असतात. साडेतीन किलोमीटरच्या गाडीला बाजूला घ्यायला वाटेत कुठेच जागा नाही. ती एकदा निघाली की मेन लाईनवरूनच जाणार, ताशी चोवीस किलोमीटरच्या आतल्या सरासरीने, आणि तिच्या मागच्या प्रत्येक गाडीची पाळी कंट्रोलरने नव्याने लावायची. तिचे अकरा तास कोणत्या कंट्रोलरांनी सांभाळले असतील, त्यांचा फोटो कुठे आला नाही. (हिरवा झेंडा दाखवणाऱ्यांचे येतात.)

त्यानंतर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्टच्या पहाटे, बिलासपूरहून भगत की कोठीला जाणारी एक्सप्रेस गोंदियाजवळ पुढच्या मालगाडीला मागून धडकली. एक डबा घसरला, प्रवासी जखमी झाले, सुदैवाने कोणी दगावले नाही. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. पण अशा रात्री कंट्रोलमध्ये काय होते हे पाहण्यासारखे असते. पहिली खबर आली की शेजारच्या लाईनवरच्या गाड्या जागच्या जागी थांबवायच्या. वरच्या तारेतली वीज बंद करवून घ्यायची. मदतगाडी आणि वैद्यकीय व्हॅन सोडायची, आणि त्यांच्यासाठी वाट मोकळी करायची. म्हणजे पुन्हा कुणाला तरी लूपला घ्यायचे. रुग्णालये, पोलीस, जिल्हा प्रशासन, वरचे अधिकारी, सगळ्यांचे फोन त्याच खोलीत. आणि मागे अडकलेल्या गाड्यांतले चालक किती तासांपासून जागे आहेत हे विसरायचे नाही. त्या पहाटे उजाडायच्या सुमारास गाड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. पेपरांनी अपघाताची बातमी दिली, जी द्यायलाच हवी. वाट पुन्हा कुणी सुरू केली ते कुठे छापून आले नाही.

गोंदिया-बल्लारशा लाईनवर आणखी एक जबाबदारी असते. ही लाईन नागझिरा आणि नवेगावच्या जंगलांमधून, पुढे ताडोब्याच्या कुशीतून जाते. १५ नोव्हेंबर २०१८ रोजी चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलात या लाईनवर वाघिणीचे तीन बछडे गाडीखाली मेले. तेव्हापासून जंगलातल्या टप्प्यांवर वेगाच्या बंधनाची मागणी सतत होत असते आणि ती रास्त आहे. पण बंधन लागले की चार्टवरची रेघ तिथे आडवी होत जाते आणि पुढची सगळी गणिते हलतात. वाघासाठी पाच मिनिटे हळू चाललेल्या गाडीतल्या प्रवाशाला ते कोणी सांगितले, तर तो कुरकुर करील असे मला वाटत नाही. झाडीपट्टीचा माणूस आहे तो, वाघ त्याला नवीन नाही.

आता या माणसाच्या नोकरीविषयी थोडे. कामाच्या तासांच्या २००५ च्या नियमांत सेक्शन कंट्रोलर सर्वांत ताणाच्या, म्हणजे ‘इंटेन्सिव्ह’ वर्गात मोडतो. या वर्गाला आठवड्याला ४२ तास, आणि पाळी सहा तासांची. सहा तास ऐकायला कमी वाटतात. त्या सहा तासांत खुर्चीवरून उठायचे तर कुणाला तरी बसवून उठावे लागते, कारण ओळीवर कोण कधी बोलेल याचा नेम नसतो. दिवसाच्या चार पाळ्या, शिवाय साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरली तर एक बोर्ड चालवायला पाच माणसे तरी लागतातच.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये रेल्वे भरती मंडळांनी सेक्शन कंट्रोलरच्या जागांची जाहिरात काढली. सुरुवातीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये, पदवीची अट, नजरेची कडक तपासणी, संगणकावरची कलचाचणी. देशभर मिळून जागा ३६८. देशात रेल्वेची मंडले सत्तरच्या आसपास आहेत. भागाकार करून पाहा, एका मंडलाच्या वाट्याला पाच जागा येतात; वरच्या हिशेबाने एका बोर्डाची माणसे. काही जागा बढतीने भरल्या जातात, हे मान्य. तरीही ज्या खोलीतून अख्ख्या मंडलाची वाहतूक चालते, तिच्या वाट्याला भरतीच्या कोट्यवधी अर्जांच्या गदारोळात एवढेच यावे? आमच्या जिल्ह्यातली मुले ‘रेल्वेची तयारी’ करतात म्हणजे ग्रुप डी आणि एनटीपीसीची करतात. कंट्रोलर नावाची नोकरी असते हे त्यातल्या अनेकांना २०२५ च्या जाहिरातीनेच कळले.

‘कवच’ येईल आणि गाड्या एकमेकींवर धडकण्यापासून वाचतील, हे आपण वारंवार सांगता आणि ते मोलाचे आहे. पण कवच क्रम लावत नाही. कुणाला आधी सोडायचे हे ठरवायला माणूसच लागणार.

यापुढची काही वर्षे या माणसाला आणखी जड जाणार आहेत. एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने गोंदिया-बल्लारशा दुहेरीकरणाला मंजुरी दिली, २४० किलोमीटर, ४,८१९ कोटी रुपये. ऑक्टोबर २०२५ मध्ये गोंदिया-डोंगरगड चौथी लाईन मंजूर झाली, ८४ किलोमीटर. राजनांदगाव-नागपूर तिसऱ्या लाईनचे तुकडे आधीपासून सुरू होत आहेत. यासाठी आम्ही आभारी आहोत आणि हे मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. ही मागणी कित्येक वर्षांची होती. पण चालू लाईनीला चिकटून नवी लाईन घालायची तर ब्लॉक घ्यावे लागतात, यार्ड तोडून पुन्हा जोडावे लागते, काही दिवस गाड्या रद्द होतात, काही वळवल्या जातात, उरलेल्या रखडतात. म्हणजे दुसरी लाईन येण्याआधीची वर्षे पहिल्या लाईनवरच्या प्रवाशासाठी आजच्यापेक्षा वाईट असतील. लोक ती सोसतील. कारण कळले तर.

आणि कारण रेल्वेकडे असतेच, ते शोधावे लागत नाही. गाडी कुठे किती मिनिटे अडली आणि कशामुळे, क्रॉसिंगमुळे, दुसरी गाडी पुढे काढल्यामुळे, सिग्नल बिघडल्यामुळे, ब्लॉकमुळे, याची नोंद कंट्रोलच्या संगणकात होते. त्याच यंत्रणेतून गाडीचा ठावठिकाणा आपल्या चौकशीच्या ॲपवर येतो. म्हणजे ‘४५ मिनिटे उशिरा’ हा आकडा प्रवाशाच्या मोबाईलपर्यंत पोचतो, त्याच्या शेजारीच नोंदलेले कारण मात्र कंट्रोलमध्येच राहते. फलाटावर घोषणा होते ती ‘आपणास होणाऱ्या असुविधेबद्दल खेद आहे’ एवढीच. खेद कोणाला, कशाबद्दल, हे काही कळत नाही.

कारण उघड केले तर लोक कंट्रोलरवर तुटून पडतील, अशी भीती कुणी आपल्याला घालेल. अनुभव उलटा सांगतो. विमान धुक्यामुळे अडले असे सांगितले की प्रवासी गप्प बसतात, काहीच सांगितले नाही की काउंटरवर गर्दी करतात. आज कंट्रोलर दोन्हीकडून मार खातो. वरून विचारतात मालगाड्या कमी का गेल्या, खालून शिव्या येतात पॅसेंजर का अडवली. धोरण आपले, निवड वरिष्ठांची, आणि दोष त्या हेडसेटवाल्याचा. ‘कोळशाच्या गाडीला प्राधान्य दिल्यामुळे ३० मिनिटे’ असे ॲपवर लिहून आले, तर निदान प्रश्न योग्य दाराशी जाईल. ते दार आपले आहे, हे आपल्याला नाकारता येणार नाही.

म्हणून विनंती तीन आहेत. उशिराचे नोंदलेले कारण उशिराच्या मिनिटांसोबत ॲपवर आणि फलाटावरच्या घोषणेत द्यावे, आमच्याकडे ते मराठीतही द्यावे. वक्तशीरपणा शेवटच्या स्टेशनावरच न मोजता गोंदिया, वडसा यांसारख्या मधल्या मोठ्या स्टेशनांवरही मोजावा, मेमू आणि पॅसेंजरसकट, आणि मंडलनिहाय दर महिन्याला जाहीर करावा. म्हणजे सकाळच्या हिशेबात त्यांचाही जाब विचारला जाईल आणि कंट्रोलरला पॅसेंजर पुढे काढायला कागदी आधार मिळेल. आणि दुहेरीकरणाची कामे जोरात सुरू होण्याआधी नागपूर मंडलाच्या कंट्रोलमध्ये रजेची माणसे धरून पुरेसे मनुष्यबळ द्यावे.

दुसरी लाईन व्हायला वर्षे लागतील. पहिल्या दोन गोष्टींना मात्र ना जमीन लागते ना रूळ. रेल्वे बोर्डाचे एक परिपत्रक पुरते. ते आपण काढावे.



आपला,
गोंदिया-नागपूर मार्गावरचा एक मासिक पासधारक